वलवणच्या चादरी आणि टर्बोचा फिल्टर

आमच्या पिकअपच्या हौद्यात सोमवारी सकाळी काय असतं, ते मी कुणाला जेवताना सांगत नाही. शनिवार-रविवार इथल्या भाड्याच्या बंगल्यांवर मुंबई-पुण्याची माणसं येतात, आणि ती गेली की त्यांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल आमच्याकडे येतात. कुसगावात घरामागे पत्र्याची शेड घालून मी आणि माझी थोरली जाऊ धुण्याचा धंदा चालवतो. दोन मोठी मशीनं, एक ड्रायर आणि ही डिझेलची गाडी. गाडी मी चालवते. जाऊबाई शेजारी बसतात आणि गाठोडी मोजून घेतात.

मोजून घेताना ती उघडावी लागतात. अभ्र्यात चघळलेली कोंबडीची हाडं. पांढऱ्या टॉवेलला पुसलेले चिखलाचे बूट. हुक्क्याच्या निखाऱ्यानं पडलेली भोकं. चादरीच्या चारी टोकांची गाठ मारून आत ठेवलेली ओकारी, जणू कुणी प्रसाद बांधून दिलाय. एकदा उशीच्या अभ्र्यात बाळाचा भरलेला डायपर निघाला. अभ्र्यावर जरीची नक्षी होती.

मला किळस लहानपणापासून फार. लग्नाआधी मी एका हॉटेलात रिसेप्शनला होते, तिथं पाहुण्यांचे फक्त चेहरे दिसायचे. चेहरे सगळे चांगलेच असतात. आक्का, म्हणजे माझी जाऊ, कान्हे गावची. तिचं पोट लोखंडाचं आहे. ती म्हणते, "तुझं नाक लय शाणं हाय. माजं नाक न्हाई म्हन, नुसतं शोभेला ठिवलंय."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गाडीनं त्रास द्यायला सुरुवात केली.

वलवणच्या वरच्या अंगाला टेकडीवर एक मोठा बंगला आहे. तिथं जायचा रस्ता अरुंद आणि खडा. चढाला लागलं की आमच्या गाडीच्या टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याची, बारीक शीळ ऐकू येते आणि मग मागून कुणी हात लावल्यासारखी गाडी वर जाते. त्या दिवशी शीळ आली, वाढली, आणि मधेच तुटली. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मी पाय पूर्ण दाबला तरी गाडी पहिल्या गिअरमध्ये नुसती घुरघुरत सरकत होती.

मागे एक पांढरी मोटार आली. हॉर्नवर हॉर्न. खिडकीतून एक पोरगा कमरेपर्यंत बाहेर आला आणि ओरडला, "आंटी, धक्का दूँ क्या?" आतले सगळे हसले. रस्ता जरा रुंद झाला तशी ती मोटार आम्हाला घासून पुढे गेली, आणि जाताना त्यानं अर्धवट खाल्लेलं मक्याचं कणीस आमच्या केबिनमध्ये भिरकावलं. ते माझ्या मांडीवर पडलं. लिंबू, तिखट आणि त्याची थुंकी, सगळं साडीला लागलं. मी गाडी थांबवली.

वरच्या वळणावर त्यांना समोरून बस आडवी आली होती म्हणून ते अडकले. आक्कानं कणीस उचललं, दार उघडलं, शांतपणे चालत गेली आणि त्यांच्या खिडकीतून आत टाकलं. "तुजं राह्यलं व्हतं," म्हणाली. परत येऊन बसली आणि पदराला हात पुसला.

मी गाडी बंद करून पुन्हा चालू केली. दिवा विझला, शीळ आली, गाडी ठीक चालली. पुढच्या चढाला पुन्हा तेच. असं बंद-चालू करत आम्ही बंगला गाठला आणि खाली आलो. पुढच्या दोन्ही फेऱ्यांना तोच खेळ झाला, तेव्हा मी गाडी हायवेलगतच्या एका गॅरेजमध्ये नेली.

गॅरेजवाल्याच्या तोंडात गुटखा होता. मी काय होतंय ते सांगत होते, ते ऐकताना तो मान हलवत होता, पण माझ्याकडे न बघता. बॉनेट उघडलं, वरवर बघितलं, पुढच्या चाकाजवळ लाल पिचकारी मारली आणि हौद्याकडे गेला. हौद्यात पोहोचवायचे धुतलेले टॉवेल होते, प्लॅस्टिकमध्ये बांधलेले. त्यानं प्लॅस्टिक फाडलं, एक टॉवेल ओढून काढला आणि त्याला ग्रीसचे हात पुसले.

"अहो, ते धुतलेलं आहे!"

"मग परत धुवा की, ताई. तुमचाच धंदा आहे." हसला. दातांच्या फटीत सुपारीचा चोथा. "टर्बो गेलाय. नवीन टाकावा लागेल. साहेबांना फोन लावून द्या, त्यांना सांगतो समजावून."

साहेब म्हणजे माझे मिस्टर. ते तळेगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. फोनवर गॅरेजवाला त्यांच्याशी एकदम आदरानं बोलला. गाडी मी चालवत होते, शीळ मी ऐकली होती, दिवा मी पाहिला होता. त्याला त्यातलं काही नको होतं. मिस्टर मला म्हणाले, गाडी तिथं राहू दे, सुट्टीच्या दिवशी मी येऊन बघतो, तोवर कशाला हात लावू नका म्हणावं.

त्या आठवड्यात आम्ही भाड्याच्या टेम्पोनं काम निभावलं. सुट्टीला आम्ही दोघं गॅरेजवर गेलो, तर गाडी मागच्या बाजूला, चिकनच्या दुकानाच्या गटाराला नाक लावून उभी. गटारात पिसं आणि आतडी तुंबलेली. पाण्यावर गुलाबी फेस. वास असा की डोळ्यांना झोंबावा.

गॅरेजवाला आला. "टर्बो काढायलाच घेतलाय साहेब, दोन बोल्ट सैल केलेत."

मिस्टरांनी वाकून टॉर्च मारला. बोल्टवर जुना गंज जसाच्या तसा होता. "याला पाना लागलेला दिसत नाही," ते म्हणाले. गॅरेजवाल्यानं दुसरीकडे बघून थुंकलं. आम्ही किल्ली मागितली आणि गाडी सपाट रस्त्यानं हळूहळू घरी आणली.

घरी आल्यावर मी मिस्टरांना विचारलं, "अहो, टर्बो खरंच गेला असेल?"

"गेलेला टर्बो बंद-चालू केल्यावर बरा होत नाही," ते म्हणाले. "थांब, दाखवतो."

त्यांनी ग्लासभर पाणी घेतलं आणि मुलीच्या सरबताची नळी त्यात बुडवली. वरचं तोंड बोटानं दाबून नळी उचलली. पाणी नळीतच राहिलं. बोट काढलं, पाणी खाली पडलं.

"टर्बोनं किती हवा कोंबायची हे एक दांडी ठरवते. त्या दांडीला व्हॅक्यूम ओढून धरतो, म्हणजे पंपानं एका डबीतली हवा शोषून घेतली की दांडी ओढली जाते. सोडायची वेळ आली की बाहेरची थोडी हवा आत यायला पाहिजे. ती एका लहानशा फिल्टरमधून येते, म्हणजे धूळ आत जाऊ नये. तो फिल्टर बुजला तर हे असं." पुन्हा बोट नळीवर. "दांडी ओढलेलीच राहते. टर्बो नको तेवढी हवा कोंबतो. गाडीच्या कम्प्युटरला वाटतं, इंजिन फुटणार. तो इंजिनाचा जोरच काढून घेतो. गाडी बंद केली की व्हॅक्यूम निघून जातो, सगळं जागेवर येतं. पुढच्या चढापर्यंत."

मी नळी हातात घेऊन स्वतः करून बघितलं. पाणी अडकतं, पाणी सुटतं. मला ते पटलं. चढावर शीळ वाढत जाऊन मग तुटायची, ती याच्यामुळे.

"पण आधी बघायला पाहिजे," मिस्टर म्हणाले आणि शेडजवळ जाऊन त्यांनी बॉनेट उघडलं.

आतून जो भपका आला, तो गटाराचा नव्हता. उग्र, अमोनियासारखा, मुताचा. इंजिनाच्या मागच्या पत्र्यापाशी, जिथं उष्णता अडवायला जाड फेल्ट लावलेलं असतं, तिथं एक घरटं होतं. फाडलेलं फेल्ट, कोंबडीची पिसं, चिक्कीचा कागद, केसांचे पुंजके आणि पांढऱ्या कापडाच्या चिंध्या. चिंध्यांना निळी किनार होती. ती किनार मला ओळखीची होती, वलवणच्या त्याच बंगल्याच्या टॉवेलांची. घरट्यात काहीतरी हललं आणि एक मोठा उंदीर इंजिनावरून सरसरत खाली उतरला.

कारखान्यात विजेच्या पॅनेलमध्ये हात घालणारा माझा नवरा शेडच्या पत्र्यापर्यंत मागे गेला. उंदराची त्यांना भयंकर भीती. चेहरा पांढरा पडला होता. "मी नाही," ते म्हणाले. "मी सांगतो काय करायचं, पण मी नाही."

आक्का पुढे झाली. तिनं डोकावून बघितलं. "पिल्लं हायेत गं."

बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली. त्यांची कातडी इतकी पातळ होती की आतलं काळसर पोट दिसत होतं. ती एकमेकांवर चढत होती. मला एकाच वेळी कळवळा आला आणि अंगावर काटा आला, आणि काटा जास्त आला. आक्कानं सुपलीत घरट्यासकट ती उचलली आणि बांधावरच्या गवतात ठेवून आली. "त्येंची आई न्हेईल," म्हणाली. आई आली नाही. कावळे आले. मी तिकडे पाठ केली, तरी ऐकू येत होतं.

मग माझी पाळी. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, तोंडाला ओढणी. फिनेल टाकून मी आधी लेंड्या आणि मूत पुसून काढलं. मिस्टर लांबून, खुर्चीवर उभे राहून सांगत होते. "टर्बोजवळ एक गोल डबी असेल. तिला बारीक रबरी नळी असेल. तिच्या मागं मागं जा."

नळी एका काळ्या व्हॉल्वपाशी आली. त्या व्हॉल्वला तीन नळ्या होत्या. एक पंपाकडून आलेली, एक टर्बोच्या डबीकडे गेलेली. तिसरी वीतभर लांब होती आणि कुठेच जात नव्हती. तिच्या टोकाला बाटलीच्या बुचाएवढी काळी टोपी लावलेली होती.

"हीच!" मिस्टर ओरडले. "फिरवून ओढ."

टोपी चिकटून बसली होती. मी पिळली, ओढली, निघाली. तिच्यात स्पंजची एक चकती असते, हवा गाळायची. ही चकती स्पंज राहिली नव्हती. वरून राखाडी, केसाळ थर. आतून काळं, तेलकट, डांबरासारखं चिकट. मी ती दोन बोटांत दाबली तर काळा रस निघाला आणि हातमोज्यावरून मनगटाकडे ओघळला. जळकं तेल, धूळ आणि शिळ्या घामासारखा काहीतरी वास. नीट बघितलं तर राखाडी थरात धागे होते. कापसाचा भुरा. आणि केस. लांब, रंगवलेले, माणसांचे.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या ड्रायरचं धुराडं शेडच्या ज्या बाजूला निघतं, त्याच बाजूला नाक करून गाडी रोज उभी असते. चादरींचा भुरा, टॉवेलांचा भुरा, दर शनिवार-रविवारी येऊन गेलेल्या अनोळखी माणसांच्या अंगावरचं जे काही गळतं ते सगळं, गरम हवेबरोबर गाडीच्या तोंडावर बसत होतं. त्यातलं हळूहळू इथं साठलं होतं आणि इंजिनाच्या तेलकट वाफेनं त्याचा लगदा झाला होता. उंदीर गॅरेजमध्ये नंतर आले. हा बोळा आमच्या घरचा होता.

मी पाण्याच्या हौदापाशी जाऊन ओकले. आक्कानं पाठीवरून हात फिरवला आणि पाणी दिलं. "आता तरी बस," म्हणाली. मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा उठले नसते.

मी चकती पेट्रोलमध्ये धुवायला गेले तर तिचा चुरा झाला. मिस्टर म्हणाले, फक्त खात्री करायला टोपीशिवाय एक चढ चढून बघ, पण रोज तशी चालवू नकोस, उघड्या नळीतून धूळ व्हॉल्वमध्ये जाईल. मी शेडवरून कुसगावचा जवळचा चढ चढवला. शीळ आली, वाढली, आणि तुटली नाही. पिवळा दिवा लागला नाही. टर्बो ठणठणीत होता. त्या गॅरेजवाल्याचे दात मला आठवले आणि मी खिडकीतून थुंकले. आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर थुंकले असेन.

टोपी मिळवणं सोपं गेलं नाही. कामशेतच्या दुकानदारानं जुनी टोपी चिमटीत धरून बघितली आणि काउंटरवर टाकली. "असलं काही वेगळं येत नाही, बाई. अख्खा व्हॉल्व घ्या." मी म्हटलं, व्हॉल्व चांगला आहे. तो म्हणाला, "मिस्टरांना पाठवा." मी टोपी उचलली आणि निघाले. तळेगावात एका जुन्या दुकानात बाईच काउंटरवर होत्या. त्यांनी नळीचं माप घेतलं, आतल्या खोलीत खुडबुड केली आणि तशीच, नवी, कोरडी टोपी आणून दिली. तिला कसलाच वास नव्हता. मी ती रस्त्यात दोनदा पिशवीतून काढून हुंगली.

बसवताना मात्र घोळ झाला. उंदरांचं मूत लागलं म्हणून मी तिन्ही नळ्या काढून धुतल्या होत्या, आणि परत लावताना दोन नळ्यांची अदलाबदल झाली. गाडी चालू केली तर तिला अजिबात ओढ नव्हती, पहिल्यापेक्षा वाईट. मिस्टर कामावर होते. फोन केला.

"व्हॉल्वच्या अंगावर बघ, कोरलेली अक्षरं असतील."

बॅटरीच्या उजेडात फडक्यानं घासून बघितलं. होती, केसाएवढी. त्यांवरून कळलं, पंपाची नळी आणि डबीची नळी उलट लागल्या होत्या. बदलल्या. टोपीचं तोंड खाली केलं, म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही. एवढंच काम. माहितगार माणसाला चहा निवायच्या आत जमलं असतं. मला अख्खा दिवस लागला, आणि हातांचा वास जायला त्याहून जास्त. शेडचं धुराडं आम्ही वळवून पलीकडे काढलं आणि गाडी आता उलटी उभी करतो.

पुढच्या सोमवारी आम्ही वलवणच्या बंगल्यावर गेलो. गाडी एका दमात वर आली. आक्का म्हणाली, "पळतीया की गं!" मी इतकी खूश होते की बंगल्याच्या फाटकातून आत शिरताना हसत होते.

मॅनेजर पोर्चमध्ये उभा होता. तिशीतला, इस्त्रीचा टी-शर्ट, अंगाला अत्तर. आम्ही धुतलेली गाठोडी दिली, मळकी हौद्यात भरली. मग तो म्हणाला, मागं स्विमिंग पूलजवळ अजून एक आहे.

ते गाठोडं वेगळं बांधलं होतं. त्याच्यावर हिरव्या माश्या बसल्या होत्या, इतक्या की कापड हलतंय असं वाटावं. आक्कानं गाठ सोडली आणि लगेच मागे झाली. मी तिला मागे होताना पहिल्यांदा बघितलं. कुणीतरी दारूच्या नशेत अंथरुणात हगलं होतं. मग कुणीतरी त्याच चादरीनं फरशी, पूलची कड आणि ओकारी, सगळं पुसून एकत्र बांधून ठेवलं होतं. शनिवारपासून उन्हात.

"ह्ये आमी न्हेत न्हाई," आक्का म्हणाली.

"अहो मावशी, असं कसं? तुम्ही लाँड्रीवाले ना?"

"कापडं धुतो. गू न्हाई उचलत. ह्ये फेकून द्या."

मॅनेजर गाडीकडे बघत होता. आमच्या पुढच्या काचेवर निळं अशोकचक्र चिकटवलेलं आहे. तो हसला, अगदी समजूतदारपणे. "तुम्हा लोकांना तर सवय असते ना या कामाची. उगाच कशाला?"

मला आधी कळलंच नाही. नंतर कळलं, आणि पोटातून जे वर आलं ते त्या चादरीमुळे आलं नव्हतं. चादरीचा वास निदान नाक झाकल्यावर कमी होतो. हा माणूस अत्तर लावून, सावलीत उभा राहून, गोड आवाजात ते बोलला होता.

"तुमा लोकांना म्हंजे?" आक्कानं विचारलं.

"म्हणजे... आधीपासून, पिढ्यान्‌पिढ्या..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

"माज्या आजेसासऱ्यानं मेलेली जनावरं वडायचं सोडलं, माजं लगीनबी झालं नव्हतं तवा. तितंच संपली ती सवय. आमच्या घरात आता कुनाला न्हाई. तुला असंल तर तू उचल."

मॅनेजरनं माझ्याकडे बघितलं. मी गाडी चालवते, मी शुद्ध बोलते, मी समजून घेईन असं त्याला वाटलं असावं. "मॅडम, त्यांना सांगा ना."

मी हौद्याचा मागचा फाळका खाली पाडला आणि आत्ताच भरलेली त्याची मळकी गाठोडी एकेक करून त्याच्या पोर्चमध्ये ठेवली. आक्काही हात लावायला आली. शेवटचं गाठोडं जड होतं, ते आम्ही दोघींनी मिळून त्याच्या बुटांजवळ सोडलं. त्यानं पाय मागे घेतले.

"हे तुम्हाला महागात पडेल. वरचे बंगलेपण माझ्याकडेच आहेत," तो म्हणाला.

"ज्यानं केलंय त्याला बोलवा धुवायला," मी म्हटलं. फाटकातून बाहेर पडताना मी गाडी दोनदा बंद पाडली. यंत्राचा काही दोष नव्हता.

उतरून वलवणच्या धरणाजवळ आल्यावर आक्का म्हणाली, "त्यानं अत्तर कसलं लावलं व्हतं गं? डोकं दुखाया लागलं." मग तिनं तोंड खिडकीकडे केलं. ती रडत होती का, मला माहीत नाही.

घरी मिस्टरांना सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं, हात धुतला आणि एवढंच विचारलं, "वहिनी ठीक आहेत ना?"

वलवणच्या वरचे बंगले गेले, त्यानं म्हटल्याप्रमाणे. काही महिने हात आखडून राहावं लागलं. मग कान्ह्याच्या बाजूला एका मुलींच्या वसतिगृहाच्या चादरी मिळाल्या. त्यांच्यावर शाईचे आणि मेंदीचे डाग असतात. आक्का म्हणते, यात काही मजा नाही. मला आहे तेवढी मजा पुरते. तरी आजही, कुठल्याही बंगल्यावरचं गाठोडं उघडताना मी आधी श्वास धरते.

हिवाळ्यात त्या मॅनेजरचा फोन आला. नवीन माणसं टॉवेल हरवतात, चादरी पिवळ्या करतात, असं म्हणत होता. "जे झालं ते झालं, मॅडम. पुन्हा सुरू करू या."

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"अं?"

"जे झालं ते काय झालं होतं, ते तुम्ही बोलून दाखवा."

त्यानं फोन ठेवला. त्याचा नंबर मी अजून काढून टाकलेला नाही. फोन वाजला की कुणाचा आहे ते आधीच कळलेलं बरं.